कागद तरतो की बुडतो?

२०२४ सालच्या सप्टेंबरच्या आरंभी आमच्या परभणी-हिंगोलीकडे जो पाऊस कोसळला, त्याने ओढ्यांना नद्यांचे रूप आले आणि नद्यांना समुद्राचे. पाणी ओसरल्यावर शाळा उघडली, तेव्हा वर्गात गाळाचा वास भरला होता आणि मुलांच्या दप्तरांत पुस्तकांचे लगदे झाले होते. व्हरांड्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांधली आणि तिच्यावर वह्या-पुस्तके वाळत घातली. उन्हाळ्यात आयाबाया कुरडया-पापड जितक्या निगुतीने वाळवतात, तितक्याच निगुतीने मुले आपली पुस्तके वाळवीत होती. कुणाचे गणित वाचले, कुणाचा भूगोल गेला.

त्या आठवड्यात विज्ञानाच्या तासाला दुसरा धडा शिकवावासा वाटेना. एक मोठी बादली पाण्याने भरून मधोमध ठेवली आणि मुलांना सांगितले, "घरात कागदाची म्हणून जी जी वस्तू असेल ती आणा. पाण्यात टाकू आणि काय तरते, काय बुडते ते पाहू." मुलांना हे सांगायचाच अवकाश! वर्तमानपत्राचे पान आले, खाकी लिफाफा आला, पतंगाचा कागद आला, चकचकीत लग्नपत्रिका आली, हात पुसायचा मऊ कागद आला आणि एका व्रात्य पोराने तर भजी बांधून आणलेला तेलकट तुकडाच आणला.

मऊ कागदाने पाणी असे ओढले की तो क्षणात भिजून खाली जाऊ लागला. वर्तमानपत्र बराच वेळ आडवे पडून राहिले, मग त्याचे कोपरे वाकले आणि हळूहळू ते थकल्यासारखे झाले. लग्नपत्रिका वर होती, पण एकाने ती बोटाने पाण्याखाली दाबली ती पुन्हा वर आलीच नाही. होडीचा रुबाब तिच्या घड्या ताठ होत्या तोवर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सगळी मंडळी तळाशी, आणि भज्यांचा कागद मात्र एकटाच राजासारखा वर! तिसऱ्या दिवशी त्यानेही तळ गाठला.

यातले शास्त्र अवघड नाही. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची जाळी. तो तंतू स्वतः पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतो. कागद तरंगतो तो जाळीत अडकलेल्या हवेच्या जोरावर. पाणी आत शिरून हवेला बाहेर काढते तोवर त्याचे आयुष्य. खळ, राळ किंवा तेल लावलेले असेल तर पाण्याला शिरायला वेळ लागतो. चकचकीत कागदावर पांढऱ्या मातीचा किंवा खडूचा थर असतो, त्यामुळे तो मुळातच भारी. पण खळ असो की तेल असो, उशिरा का होईना, कागद बुडतोच.

मी हे फळ्यावर लिहून हात झटकले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मंग तुकोबाची गाथा कशी तरली हो?"

वर्ग एकदम शांत झाला. वारकऱ्यांचे गाव आमचे, निम्म्या मुलांच्या घरी माळ आहे. मी म्हणालो, "उद्या सांगतो." तो उद्या यायला बरेच महिने गेले, कारण उत्तर मलाच ठाऊक नव्हते. ते शोधताना जे हाती लागले ते दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

*

प्रथम साक्षीदार पाहू. इतिहासात जो घटनेच्या जवळचा, त्याचा मान पहिला.

पहिले साक्षीदार स्वतः तुकोबा. हा प्रसंग घडला नाही, पुढच्या कीर्तनकारांनी तो रचला, असे म्हणणाऱ्याला तुकोबांच्याच अभंगांची अडचण होते. तेरा दिवस अन्नपाणी सोडून आपण देवाच्या दारी बसलो, देवाचा अंत पाहिला, हा आपला मोठा अपराध झाला, असे ते पश्चात्तापाने सांगतात. देवाने पाण्यात आपले कागद राखले आणि लोकनिंदेपासून आपल्याला सोडवले, असेही सांगतात. 'कागद' हा शब्द तुकोबांचाच आहे. ग्रंथ नाही, पोथी नाही. साधा, व्यवहारातला कागद.

दुसरी साक्ष संत बहिणाबाईंची. त्या आपल्या मराठवाड्याच्या लेकी. १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी जन्मल्या आणि पुढे वैजापूरकडच्या शिऊरला राहिल्या. तुकोबा हयात असताना त्या देहूला जाऊन राहिल्या होत्या. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवस पाण्यात राहून वाचल्याचे सांगतात. ऐकीव असेल, पण ती त्याच गावात, त्याच काळात ऐकलेली गोष्ट आहे.

तिसरी साक्ष सर्वांत महत्त्वाची, कारण ती प्रतिपक्षाची आहे. वाघोलीचे रामेश्वरभट्ट मोठे शास्त्रज्ञ ब्राह्मण. कुणबी-वाण्याच्या मुखातून वेदांचा अर्थ प्रकट व्हावा आणि तोही प्राकृतात, हे त्यांना सहन झाले नाही. वह्या बुडवायला लावल्या त्या त्यांनीच, असे परंपरा सांगते. पुढे तेच तुकोबांचे शिष्य झाले, आणि तुकोबांची जी आरती आज घरोघर म्हटली जाते ती त्यांच्याच नावावर आहे. त्या आरतीत ते म्हणतात, की रामाने जसे सागरात दगड तारले तसे तुकोबांचे अभंग पाण्यात रक्षिले गेले. ज्याने बुडवा म्हटले त्यानेच तरल्याची ग्वाही द्यावी, याहून मोठी साक्ष ती कोणती?

या तिन्ही साक्षी नीट पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. तिघांचाही भर आहे तो राखण्यावर, वाचवण्यावर. वह्या पाण्यावर कशा आल्या, कोरड्या होत्या की ओल्या, याचा रंगीत तपशील हे जवळचे साक्षीदार देत बसत नाहीत. तो तपशील पुढे वाढला. ताहराबादच्या महिपतींनी अठराव्या शतकात, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी, संतचरित्रे लिहिली. १९३६ साली प्रभातने 'संत तुकाराम' हा बोलपट काढला आणि विष्णुपंत पागनीसांच्या रूपाने तो प्रसंग आपल्या डोळ्यांपुढे कायमचा उभा राहिला. आपण आज 'गाथा तरली' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे उभी राहते ती बहुधा ही पुढची चित्रे.

*

आता कागदाकडे वळू, कारण वकिली भाषेत बोलायचे तर या खटल्यातला मुद्देमाल कागदच आहे.

आपल्या वर्गातला कागद आणि त्या काळचा कागद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा दिल्लीकडून जे कारागीर आले त्यांत कागदी होते आणि त्यांनी हे गाव वसवले, अशी तिथली परंपरा. पुण्याच्या बाजूला जुन्नरचा कागद नावाजलेला होता आणि पुण्यातही कसब्यात कागदीपुरा आहे. हे कागदी जुन्या चिंध्या, दोर, सुतळ्या चुन्याच्या पाण्यात कुजवीत, ढेकीने कुटीत, धूत आणि पुन्हा कुटीत. त्या लगद्याच्या हौदात चाळणी बुडवून एकेक ताव उचलीत, भिंतीवर वाळवीत, मग त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. घोटलेल्या कागदावर बोरू लोण्यावरून फिरावा तसा फिरे. हे तंतू लांब आणि चिवट. आजच्या वर्तमानपत्राचा लाकडी लगद्याचा कागद पाण्यात भिजला की बोटाला चिकटून येतो, तसे या कागदाचे होत नाही. शिवाय खळ आणि घोटाई यांमुळे तो पाणी सावकाश पितो.

शाईची गोष्ट त्याहून मौजेची. आपल्या जुन्या बाडांची काळी शाई म्हणजे दिव्याचे काजळ आणि बाभळीचा डिंक. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. तो पाण्यात विरघळत नाही, उन्हाने विटत नाही, वर्षांनी पिवळा पडत नाही. डिंक मात्र ओला झाला की सैल पडतो, तेव्हा भिजलेल्या पानावरून हात फिरवला तर अक्षर फासले जाते. न घासता अलगद वाळवले तर पुष्कळसे जागच्या जागी राहते. पुरानंतर आमच्या शाळेत हेच दिसले. नव्या तऱ्हेच्या पाणीदार शाईच्या पेनांनी लिहिलेले सारे निळे पाणी होऊन गेले, बॉलपेनचे बरेचसे टिकले आणि शिसपेन्सिलीचे तर अक्षर न् अक्षर राहिले. शिसपेन्सिलीतले शिसे हे शिसे नसून कोळशाचाच एक प्रकार आहे. काजळाची ती सख्खी बहीण.

आणखी एक. भिजलेल्या ग्रंथाचा खरा शत्रू पाणी नसून बुरशी असते आणि बुरशीला हवा लागते. खोल, थंड पाण्यात राहिलेला कागद कुजायला वेळ घेतो. वर काढून दमट जागी ढीग करून ठेवला तर दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीत फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीला पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले लक्षावधी ग्रंथ, हस्तलिखिते आणि वर्तमानपत्रे चिखलात गेली. जगभरातून तरुण मुलेमुली धावून आली, गुडघाभर गाळात रांगा करून उभी राहिली आणि एकेक ग्रंथ हातोहात वर दिला. त्या कामातून भिजलेली पुस्तके वाचवण्याचे एक शास्त्रच पुढे वाढले.

तेव्हा, वेष्टनात बांधलेली, काजळाच्या शाईने चिंध्यांच्या कागदावर लिहिलेली वही तेरा दिवस डोहात राहिली आणि वाचता येण्याजोगी बाहेर आली, असे कुणी म्हटले, तर कागदाचे शास्त्र त्याला वेड्यात काढणार नाही. ती आपण होऊन वर आली काय, हा प्रश्न श्रद्धेचा. तिथे शाळामास्तराने छडी आपटू नये.

*

पण मला या साऱ्यात खरा चटका लावला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. आपण विसरतो की तुकोबांनी इंद्रायणीत कागद बुडवले ते दोनदा.

तुकोबांच्या घरी महाजनकी होती, वाण्याचा व्यापार होता, सावकारी होती. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. गुरे मेली, माणसे मेली. तुकोबांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, दुकान बसले. त्यातून ते भानावर आले तेव्हा विठ्ठलाचे झाले होते. परंपरा सांगते, की त्यांनी लोकांकडच्या येण्याची खते काढली, धाकटा भाऊ कान्होबाला त्याच्या वाटणीची निम्मी दिली आणि आपली निम्मी उचलून इंद्रायणीत सोडली.

विचार करून पहा. नदी तीच. त्या काळच्या व्यवहारातला तसाच कागद, तशीच काजळाची शाई. माणूसही तोच. पण कर्जखते बुडाली ती बुडालीच. ती वर यावीत म्हणून कुणी उपास धरला नाही, कुणी शिळेवर बसले नाही. ज्यांच्या नावावर ती होती त्या कुणब्यांनी तर देवाचे आभार मानले असतील! आणि अभंगांच्या वह्यांसाठी मात्र एक माणूस तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसला. आणि तो एकटाही नव्हता. त्याचे अभंग उतरून घेणारे हात होते. चाकणकडचे संताजी जगनाडे, जातीने तेली, आणि गंगारामपंत मवाळ यांची नावे परंपरेने जपली आहेत. त्याच्याबरोबर कीर्तनात टाळ धरणारी माणसे होती, जात्यावर आणि शेतात ते अभंग म्हणणारी माणसे होती.

म्हणून गाथा लोकांच्या मुखातून तरली, असे आपले विचारवंत सांगत आले आहेत, आणि ते खरे आहे. पण हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. लोकमुख म्हणजे काही देवाने ठेवलेली तिजोरी नव्हे. कुणीतरी रात्री दिव्याच्या उजेडात बोरू झिजवला, कुणीतरी पाठ केले, कुणीतरी नातवाला म्हणून दाखवले, तेव्हा ते लोकमुख झाले. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंचेच घ्या. त्यांच्या हातचा कागद आज कुठे नाही. त्यांचे अभंग आपल्यापर्यंत आले ते नामदेवांच्या गाथेत, नामदेवांच्या माणसांनी ते सांभाळले म्हणून. दळणाऱ्या-कांडणाऱ्या बाईचे शब्द सातशे वर्षे टिकतात ते आपोआप नव्हे.

पुढे छापखाने आले. मुंबई सरकारने शिक्षणखात्याचे डायरेक्टर सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या शिफारशीवरून २४,००० रुपये मंजूर केले, आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी ठिकठिकाणच्या वह्या ताडून तुकोबांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यात दोन खंडांत छापली. पहिला खंड १८६९ साली निघाला, दुसरा १८७३ साली. साडेचार हजारांवर अभंग एकत्र आले. ही गाथा आता कोणत्याही डोहात बुडणार नाही, असे तेव्हा वाटले असेल.

*

आणि तरीही पुढचे ऐका.

देहूच्या देवळात एक वही आहे. तिला 'भिजकी वही' म्हणतात. ती तुकोबांच्या हातची, आणि जी पाण्यात गेली होती त्यांतलीच, अशी श्रद्धा आहे. तिचेच नाव कवी अरुण कोलटकरांनी २००३ साली आपल्या काव्यसंग्रहाला दिले. या वहीविषयी कवी दिलीप चित्रे यांनी १९९१ सालच्या आपल्या इंग्रजी तुकारामात जे नोंदवले आहे ते वाचून मी पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. विसाव्या शतकाच्या आरंभी या वहीत सुमारे ७०० अभंग असल्याची नोंद होती. चित्रे लिहितात तेव्हा उरले होते अवघे सुमारे २५०. अभ्यासासाठी म्हणून वही नेणाऱ्यांच्या हातून, विश्वासाने ती देणाऱ्यांच्या भोळेपणातून, ही पाने गेली असावीत, असा त्यांचा तर्क. सुदैवाने तिची एक नक्कल पंढरपुरात राहिली.

म्हणजे परंपरेने ज्या वहीला तेरा दिवसांच्या पाण्यातून वाचवले, ती वही कोरड्या जमिनीवर, शिकल्यासवरल्या लोकांच्या शतकात, निम्म्याहून अधिक बुडाली! साडेचारशे अभंगांची पाने नदीने नेली नाहीत, माणसांनी नेली. आणि नक्कल करणाऱ्या कुणा अनामिकाने मुकाट्याने आपले काम केले नसते, तर त्या पानांवर काय होते हेही कळले नसते.

आपल्या इतिहासातले हे एकच उदाहरण नव्हे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढचे आयुष्य गावोगाव फिरून कागद मिळवण्यात घालवले. वाड्यांच्या माळ्यांवरून, उंदीर-वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या तोंडून त्यांनी कागद ओढून आणले. पाणी वर्षातून एकदा येते; वाळवी, रद्दी आणि आपली बेफिकिरी यांना ऋतू नाही.

*

हे मी दुसऱ्यांना शिकवतो खरे, पण माझ्या स्वतःच्या पदरी एक बुडालेली वही आहे. तिच्याविषयी सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझे आजोबा दिंडीचे विणेकरी होते. त्यांची एक जाड, कापडी पुठ्ठ्याची वही होती. तीत शे-सव्वाशे अभंग, गौळणी आणि भारुडे होती. काही तुकोबांची, काही नामदेवांची, ती छापील गाथांत मिळतील. पण काही आमच्या पंचक्रोशीतल्या कुणा विसरलेल्या माणसांनी रचलेली होती आणि ती दुसरीकडे कुठेही नव्हती. दौतीतल्या निळ्या शाईने, टाकाने, आजोबांनी ती वर्षानुवर्षे उतरवली होती.

मी चौथीत असताना ते गेले. अस्थी घेऊन आम्ही गंगाखेडला गेलो. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, ती गंगाच. जीर्ण पोथी, देवाचे कागद रद्दीत जाऊ नयेत म्हणून गंगेत सोडायची रीत आहे. त्या रीतीप्रमाणे नानांनी अस्थींमागून ती वहीही आजोबांच्या उपरण्यात गुंडाळून पाण्यात सोडली. त्यात त्यांचा अनादर नव्हता, उलट फार मोठा आदर होता. वही काही वेळ तरंगत गेली. मग ती कलली, तिच्यातून बुडबुडे निघाले आणि ती दिसेनाशी झाली.

मी विचारले, "नाना, वही वर येईल ना?"

नानांचा कंठ दाटला होता. ते एवढेच म्हणाले, "तेराव्या दिवशी बघू."

माझी समजूत घालायला ते बोलले की त्यांच्या मनात तेराव्याची व्यवस्था होती, कोण जाणे. पण मी तुकोबांची गोष्ट ऐकलेली होती. मी भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून दिवस मोजले. तेराव्याच्या पंगती उठल्या, पाहुणे गेले आणि मी आजीजवळ जाऊन रडू लागलो, की वही आली नाही. आजी म्हणाली, "अरे लेकरा, ती कुठं गेली? ती माझ्यापाशी हाय." आणि तिने तिथेच, उष्ट्या पत्रावळींच्या शेजारी बसून, वहीतली एक गौळण म्हणून दाखवली. मग दुसरी.

तिला सगळे पाठ होते. पुढे सहा वर्षे ती आमच्यात होती. सहा वर्षे! मला लिहिता येत होते, घरात वह्या होत्या, पेन्सिली होत्या. मी एकही ओळ उतरवून घेतली नाही. ती गेली तेव्हा मी दहावीच्या अभ्यासात होतो.

पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, तेव्हा ती उणीव बोचू लागली आणि मी आत्याकडे गेलो. आठ दिवस राहिलो. आत्याने डोळे मिटून, मध्येच अडखळत, हाताने ताल धरत आठवेल तेवढे सांगितले. ती पदे एकोणीस भरली. वीसाव्याचे ध्रुवपद आठवले, पुढचे कडवे आठवेना. ती दोन दिवस तेच ध्रुवपद गुणगुणत होती. मी निघालो तेव्हाही उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "थांब रे, आत्ता येतंय ओठांवर." ते आले नाही. शंभरांवर पदांतली एकोणीस. दोष गंगेला कसा देऊ? नदीने कागद नेला. आजीच्या गळ्यातली वही मी बुडू दिली.

*

एवढे झाल्यावर मी त्या मुलीला वर्गात उत्तर दिले. म्हणालो, "बाळ, कागद बुडतोच. पाण्यात पडला तर दिवसात, माळ्यावर पडला तर वर्षांत. पण तो बुडण्याआधी कुणी वाचला असेल, पाठ केला असेल, दुसऱ्या कागदावर उतरवला असेल, तर वर येतो. तुकोबांच्या कर्जखतांना तसे कुणी नव्हते. अभंगांना होते. देवाने राखले असे तुकोबा म्हणाले. आपण एवढेच पाहावे, की देवाने त्या कामाला कुणाचे हात लावले."

तिला किती कळले ठाऊक नाही. पण मी वर्गाला घरचा अभ्यास दिला, की प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांकडून एक गाणे, एक ओवी, एखादी आरती, छापलेली नसेल अशी, लिहून आणावी. पंचवार्षिक योजनेप्रमाणे हाही संकल्प कागदावरच राहणार, असे मला वाटले होते. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर बरीच मुले लिहून घेऊन आली. जात्यावरच्या ओव्या होत्या, पाळणे होते, एका मुलाने तर आजोबांच्या पोतराजाचे गाणे आणले होते.

ती मुलगी सर्वांत शेवटी आली. वहीचे पान नीट चौघडी करून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले होते. उघडून पाहिले तर आजीच्या सात ओव्या, सगळ्या शिसपेन्सिलीने लिहिलेल्या. मी म्हणालो, "इतकं छान लिहिलंस, मग पेनाने का नाही लिहिलं?"

माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखी ती म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच तर सांगितलं. पेन्सिलीचं पाण्यात जात नाही."